कोंबडीच्या पायांवरचं घर

आमच्या घरात भिंतीवर टांगण्यासारखं काही नव्हतं. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला यातलं दुःख समजावून सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. लष्कर म्हणजे ग्वाल्हेरचा आमचा भाग. तिथल्या कुठल्याही मराठी घरात त्या काळी गेलं की आधी भिंत बघायची, मग माणसं. कुणाकडे म्यानात गंजून बसलेली तलवार, कुणाकडे पगडीतल्या पूर्वजाचं तैलचित्र, कुणाकडे दरबारातला फोटो, ज्यात मागच्या रांगेत खांबाआडून अर्धवट दिसणारे ते पणजोबा. वाघाचं भुसा भरलेलं मुंडकंही मी पाहिलं आहे. तो वाघ म्हातारपणाने गेला असावा, असं माझ्या वडिलांचं मत होतं. आमच्या भिंतीवर एका बियाण्यांच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. दख्खनहून फौजेबरोबर आलेला मूळपुरुष आम्हालाही होता, पण त्याची तलवार मोठ्या घरी होती आणि त्याच्यावर बोलण्याचा हक्कही. मोठ्या घराच्या मते तो घोडदळात शिलेदार होता. बाबांच्या मते तो घोड्यांच्या दाणावैरणीकडे बघत असे आणि तलवार त्याच्याकडे कुणीतरी विसरून गेलं होतं.

मोठं घर म्हणजे बाबांच्या चुलतभावाचं घर. बाबा, त्यांची मोठी बहीण कमलआत्या आणि धाकटा विनूकाका, ही तिघं भावंडं आईवडील लवकर गेल्यामुळे त्या घरात वाढली. पुढे बाबांना कॉलेजात नोकरी लागली, तेव्हा त्यांनी नई सडकेवर एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या खोल्या भाड्याने घेतल्या आणि आत्याला आपल्याबरोबर आणलं. माझं सगळं लहानपण त्या खोल्यांत गेलं. सकाळी दुकान उघडलं की खालून थान उलगडून फळीवर आपटल्याचा धप्प आवाज यायचा, मग कापड फाडल्याचा चर्र, मग लालाजींचं रोजचं आश्वासन, "बहनजी, कपड़ा फट जाएगा, रंग नहीं जाएगा." त्यावर टेम्पोंची फटफट, भाजीवाल्यांची ओरड आणि आमच्या स्वयंपाकघरातून आत्याच्या दगडी उखळीचा ठोका. आम्ही घरात जी मराठी बोलायचो ती पुण्याच्या पाहुण्यांना हिंदी वाटायची आणि लालाजींना संस्कृत. माझं निम्मं वाक्य मराठीत सुरू होऊन निम्मं हिंदीत संपायचं आणि आई म्हणायची, "एका भाषेत घरी ये, मग जेवायला वाढते."

आत्याचे यजमान लग्नानंतर थोड्याच काळात गेले. त्यांच्याबद्दल घरात एवढंच सांगितलं जाई, की ते उंच होते. आत्या माहेरी परत आली ती मोठ्या घराच्या स्वयंपाकघरात, आणि तिथेच तिची उमेदीची वर्षं गेली. थोरल्या काकू, म्हणजे त्या चुलतभावाची बायको, म्हणत, "आम्ही कमलला सांभाळलं." तिन्ही त्रिकाळ त्या घरातली सगळी पंगत आत्या सांभाळत होती, तेव्हा कुणी कुणाला सांभाळलं याबद्दल बाबांचं वेगळं मत होतं, पण ते फक्त आमच्या घरात बोललं जाई. आत्या मात्र कुरकुरणाऱ्यांतली नव्हती. ती बारीक, ताठ, फिकट रंगाची सुती लुगडी नेसणारी, आणि कुणी फार मोठ्या बाता मारू लागलं की त्याच्याकडे न बघता "हं, मग?" असं विचारणारी बाई होती. या दोन शब्दांनी मी चांगल्या चांगल्या माणसांना गोष्ट अर्धी सोडताना पाहिलं आहे. पुढे मी वर्गात शिकवताना ते वापरून पाहिले. माझ्याने तितकं जमलं नाही.

तिच्या हाताला एक गोष्ट होती, आणि ती सगळ्या लष्कराला ठाऊक होती. कैरीची डाळ. भिजवलेली हरभऱ्याची डाळ ती उखळीतच ठेचायची. मिक्सरमधून डाळ निघत नाही, लेप निघतो, असं तिचं म्हणणं. डाळ भरडसरच राहायला हवी, कैरी किसून नाही, बारीक चिरून, आणि वरून हिंगाची फोडणी गार करून. दर चैत्रात मोठ्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू असायचं आणि आत्याला सकाळीच बोलावणं यायचं. दिवसभर ती आत डाळ ठेचायची. संध्याकाळी बाहेरच्या दिवाणखान्यात साऱ्या मराठी बायका ती डाळ खाऊन थोरल्या काकूंना म्हणायच्या, "काकूसाहेब, तुमच्याकडची डाळ म्हणजे काय." काकूसाहेब मान लववून ते स्वीकारायच्या. आत्या आतच. ती विधवा, तिचं बाहेर काय काम? हळदीकुंकवाच्या दिवशी तर तिने उंबऱ्याशीही येऊ नये, असा तिथला रिवाज होता. बायका पांगल्या की ती उरलेले भिजवलेले हरभरे पिशवीत घेऊन टेम्पोने घरी यायची. ती पिशवी बघितली की माझ्या आईचा चेहरा कसा व्हायचा ते मला अजून आठवतं. आई इंदूरची. तिथेही हेच चालत असणार, पण माणसाला आपल्या गावचा अन्याय नियम वाटतो आणि सासरचा नियम अन्याय.

आता ताटांबद्दल. विनूकाकाला आत्याने अंगाखांद्यावर वाढवलं होतं. तो इंजिनियरिंग शिकायला मॉस्कोला गेला आणि तिथेच नोकरीत राहिला. तो देश तेव्हा अजून एकसंध होता. विनूकाका पत्रं लिहायच्या बाबतीत अगदी बेताचा. "तब्येत ठीक, थंडी आहे" यापुढे त्याची लेखणी क्वचित जाई. पण येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हाती तो आत्यासाठी अधूनमधून एक चपटं खोकं पाठवायचा. पहिलं उघडलं तेव्हा आतून न वाचता येणाऱ्या अक्षरांचं वर्तमानपत्र निघालं, मग थर्माकोल, आणि मग चिनी मातीचं एक ताट. चमकदार काळी पार्श्वभूमी, कडेला सोनेरी वेलबुट्टी आणि मधोमध आगीसारखी पिसं असलेला एक पक्षी, सफरचंदाच्या झाडावर बसलेला. चित्र इतकं बारीक, की आईच्या कशिद्याचं भिंग आणून बघावं लागलं. ताटाच्या पाठीवर टांगायला भोक होतं आणि गोष्टीचं नाव होतं, जे आमच्यातल्या कुणालाही वाचता येत नव्हतं. सोबत एक चिठ्ठी छापलेली होती, तीवर ताटाचा क्रमांक.

"तिकडच्या परीकथा आहेत या," बाबा म्हणाले. "लोक अशी ताटं जमवतात. एकेक करून संच पुरा करतात."

"आणि जेवतात कशात?" आत्याने विचारलं.

"यात जेवायचं नसतं, अक्का. ही बघायची."

"म्हणजे मोठ्या घरच्या चांदीच्या ताटांसारखी," आत्या म्हणाली. मोठ्या घरची चांदीची ताटं काचेच्या कपाटात असत आणि घरातले सगळे स्टीलमध्ये जेवत.

मग आणखी ताटं आली. एका बेडकीच्या तोंडात बाण होता आणि डोक्यावर मुकुट. एक राजपुत्र घोड्याऐवजी लांडग्यावर बसून निघाला होता. एका ताटावर बर्फाची मुलगी उभी होती, निळी, थोडी चिंतेत. आणि एकावर दाट झाडीत एक लाकडी झोपडी होती, जिला खाली कोंबडीचे दोन पाय होते. दारात एक म्हातारी बसलेली, नाक लांब, केस पांढरे मोकळे, आणि तिच्या शेजारी चक्क एक उखळ आणि मुसळ. एकाही ताटाची गोष्ट आम्हाला माहीत नव्हती. विनूकाकाला कळवलं, तर त्याचं उत्तर आलं, "तब्येत ठीक. गोष्टी आल्यावर सांगेन."

ताटं खोक्यांत घालून आत्याच्या खाटेखाली ठेवलेली असत. भिंतीवर टांगायला घरमालकाने खिळे ठोकू दिले नसते, आणि आत्यालाही ते नको होतं. दुपारी लू वाहायला लागली की आम्ही खिडक्यांवर ओले पडदे सोडायचो आणि त्या हिरवट अंधारात ती एकेक खोकं उघडून ताट मांडीवर घ्यायची. मी तिच्या शेजारी फरशीवर पालथी. तिचं लाडकं ताट कोणतं ते लगेच कळायचं, कारण ते ती शेवटी काढायची, जेवणात गोड शेवटी खातात तसं.

"हिचं घर बघ," ती म्हणायची. "पाय आहेत. वाटेल तिकडे तोंड करत असेल."

"कोंबडीचेच का?"

"घोड्याचे असते तर मोठ्या घरचे म्हणाले असते, घोडा आमचाच." मग ती उखळावर बोट ठेवायची. "आणि हे दारातच ठेवलंय बघ. आत कोंडून नाही बसली."

त्या वर्षी चैत्र लागला आणि आईने जेवताना जाहीर केलं, की यंदा गौर आपल्याकडे मांडायची. बाबांचा घास थांबला. धाकट्या पातीने स्वतंत्र हळदीकुंकू करायचं म्हणजे मोठ्या घरापासून वेगळं व्हायचं, हे सगळ्यांना कळत होतं. आई पुढे म्हणाली, "आणि डाळ वन्सं वाढतील. बाहेर बसून. ज्यांनी केली त्यांनीच वाढायची."

खालून कापड फाडल्याचा आवाज आला. आत्या म्हणाली, "कुणी येणार नाही."

"का नाही येणार?"

"दारात मी बसलेली दिसले की जिन्यावरूनच परत फिरतील. तू नवीन आहेस अजून."

"मला इथे येऊन मुलगी चौदा वर्षांची झाली, वन्सं."

"तेच म्हणते. नवीन आहेस." आत्या बाबांकडे वळली. "तू सांग हिला. हिचं हसं होईल, माझं काय व्हायचंय?"

बाबा पाणी प्यायले. पूर्वजांबद्दल त्यांची जीभ कशी चालायची, पण जिवंत नातेवाइकांपुढे ती जरा जड व्हायची. शेवटी म्हणाले, "अक्का, मला वाटतं, कुणी आलं नाही तर डाळ आपण खाऊ. तोटा कशात आहे?" माझ्या वडिलांनी आयुष्यात घेतलेली ही सर्वांत धाडसी भूमिका होती. आत्याने त्यांना आणखी भात वाढला. पण तिला भीती होती ती हसं होण्याची नव्हती, हे मला त्या वयातही कळलं. घराबाहेरच्या माणसांनी आपल्याला उंबऱ्याच्या आत ठेवलं हे तिने सोसलं होतं. आता आपल्या घरात, आपल्या डोळ्यांदेखत बायका जिना उतरून गेल्या, तर तेवढं उरलेलं घरही गेलं.

आईने घरोघर जाऊन शुक्रवारची बोलावणी केली, मोठ्या घरीही. दुसऱ्याच दिवशी तिकडून निरोप आला, की त्यांचंही हळदीकुंकू त्याच शुक्रवारी आहे. आई एवढंच म्हणाली, "बरं झालं. बायकांना एकदाच नेसावं लागेल."

अडचण निघाली ती आराशीची. ट्रंका एकमेकींवर रचून त्यांवर आईचा शालू पांघरून पायऱ्या झाल्या, वर लाकडी झोपाळ्यात पितळेची गौर बसली, कलिंगड कमळासारखं कापलं, पण पायऱ्या मोकळ्याच. मोठ्या घरी चांदीची पालखी, हस्तिदंती हत्ती, आणि आत उजेड पडणारे झुंबराचे लोलक मांडत. आमच्याकडे एक प्लॅस्टिकचा पोपट आणि माझी डोळा मिटत नसलेली बाहुली. आई कमरेवर हात ठेवून उभी होती, तेवढ्यात आत्या आतून खोकी घेऊन आली आणि म्हणाली, "ही घे."

मग तीच दचकली. "पण नको. चिनी माती म्हणजे हाडं दळून घालतात म्हणे. देवापुढे कशी ठेवायची?"

बाबा पेपरामागून म्हणाले, "आणि शंख काय झाडाला लागतो, अक्का? तो तर देवापुढे फुंकतेस तू रोज."

ताटं मांडली गेली. पक्षी मधोमध, बाजूला बेडकी आणि लांडगा, खाली बर्फाची मुलगी, आणि सर्वांत खालच्या पायरीवर, आत्याचा पाट होता त्याला लागून, कोंबडीच्या पायांचं घर. ते तिथे कुणी ठेवलं मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

दुपार कलली. गुलाबपाणी, अत्तर, पन्ह्याचा हंडा, सगळं जागच्या जागी. आत्या डाळीचं पातेलं पुढे घेऊन पाटावर बसली होती, हात मांडीवर, एखाद्या मुलाखतीला आल्यासारखी. आई खिडकीशी उभी राहून "बघत नाहीये मी" असं दाखवत रस्ता बघत होती. सडकेवरून पाटणकर बाजाराच्या दिशेने जरीचे पदर चाललेले दिसत होते. मोठं घर तिकडेच.

पहिल्या आल्या त्या खालच्या लालाजींच्या पत्नी, गुप्ता भाभी. त्यांना आमचे नियम माहीत नव्हते आणि पन्हं आवडत होतं, त्यामुळे त्या थेट आत आल्या. आत्याशेजारीच बसल्या. डाळ खाऊन म्हणाल्या, "दीदी, यह तो चाट को मात दे दे." मग त्यांची नजर ताटांवर गेली. "हाय, कितने सुंदर. कौन-से भगवान हैं ये?"

"भगवान नाहीत भाभी, कहानी आहे," मी म्हणाले.

"तो सुनाओ."

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "सांग की. बोलायला कधी कमी पडत नाहीस एरवी." तेव्हा मी सांगायला लागले. आगीच्या पिसांचा पक्षी राजाच्या बागेतल्या कैऱ्या चोरतो. सफरचंदांच्या कैऱ्या मी केल्या, कारण समोर डाळ होती. बेडकी राजकन्या आहे, पण तिला राजवाड्यात फार गरम होतं म्हणून ती तळ्यात राहते. लांडग्याने राजपुत्राचा घोडा खाल्ला आणि मग त्यालाच वाईट वाटून तो म्हणाला, बस. बर्फाची मुलगी उन्हाळ्यात ग्वाल्हेरला यायची आहे, त्यामुळे काळजीत आहे. खऱ्या गोष्टी मी नंतर, नोकरीला लागल्यावर वाचल्या. लांडग्याच्या बाबतीत मी आश्चर्यकारक रीतीने बरोबर निघाले. बाकी सगळं साफ चुकलं होतं, तरी मला माझी बेडकी अजून बरी वाटते.

मी चौथ्या ताटावर असताना जिन्यात काठी वाजली. पाध्ये आजी आल्या होत्या, दोन सुनांसह. पाध्ये आजी म्हणजे लष्करातल्या हळदीकुंकवांचं उच्च न्यायालय. त्यांच्या सासरी पिढ्यान्पिढ्या भिक्षुकी होती, वय ऐंशीच्या पुढे होतं, आणि पाध्ये आजोबा अजून हयात होते. आजोबांना ऐकू येत नसे, दिसत नसे, ते फारसे हलतही नसत, पण हयात होते, आणि त्या बळावर आजी प्रत्येक घरी पहिला मान घ्यायच्या. त्या बसल्या तर गल्ली येणार होती. त्या वळल्या तर कुणीच येणार नव्हतं. आत्या हे जाणून होती. तिने पातेल्यावर झाकण ठेवलं.

आजींची नजर अधू होती. त्या आल्या, त्यांनी गौरीला हळदकुंकू वाहिलं, आणि मग सवयीने पुढच्या पायरीकडे वळल्या. पक्ष्याला हळद, पक्ष्याला कुंकू. बेडकीला, मुकुटाखाली नेमकं. लांडग्याला वगळून राजपुत्राला हळद लावली, मग तो पुरुष आहे हे लक्षात येऊन त्याचं कुंकू राहू दिलं, आणि बर्फाच्या मुलीच्या कपाळी ठसठशीत टिकली उमटवली. सुनांनी एकमेकींकडे बघितलं, मग सासूपाठोपाठ त्यांनीही तेच केलं, कारण त्या घरात तीच पद्धत होती. आजी खाली वाकल्या, शेवटच्या ताटापाशी आल्या आणि करंगळीशेजारचं बोट हवेत थांबलं.

"ही कोण?"

"एक म्हातारी आहे, आजी," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा वर सरकवला आणि ताटाला नाक टेकेल इतक्या वाकल्या. "केस मोकळे. कपाळ पांढरं. सवाष्ण आहे का?"

धाकटी सून हळूच म्हणाली, "सासूबाई, ती ताटावर आहे."

"ते दिसतंय मला. सवाष्ण आहे का, ते विचारते."

"डायन लगती है," गुप्ता भाभी म्हणाल्या.

"डायन सवाष्ण असू शकते," आजी म्हणाल्या. "आमच्या नणंदबाई होत्या."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कारण गोष्टी मला येत होत्या अशी समजूत होती. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. नवरा आहे, फौजेत आहे, मोहिमेवर गेलाय. ग्वाल्हेरच्या कुठल्याही घरात खपलं असतं. म्हातारीला कुंकू लागलं असतं, आजी बसल्या असत्या, डाळ खाल्ली गेली असती. आणि आत्या बाजूला बसून ते बघत राहिली असती, की ताटावरच्या बाईला जे उसनं मिळालं ते आपल्याला मिळत नाही. हे मला तेव्हा असं शब्दांत सुचलं नव्हतं. एवढंच कळलं, की आत्यासमोर हे बोलू नये, आणि मी गप्प राहिले.

आत्याच बोलली. आवाज नेहमीचाच, भाजी काय करायची विचारताना असतो तसा. "तिला नवरा नाही, आजी. होता का, ते ठाऊक नाही. घर मात्र तिचं आहे."

खाली लालाजी कुणाला तरी रंगाची हमी देत होते. आजी काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग पाटावरच्या आत्याकडे, मग तिच्यापुढच्या पातेल्याकडे.

"ते काय आहे तिच्या शेजारी? उखळ?"

"उखळ आहे. आणि मुसळ."

"डाळ तूच केलीस ना गं, कमल? उखळीत?"

"हो."

"वाटलंच. मोठ्या घरून आत्ताच आले मी. यंदा तिकडे कुणी आचारी लावलाय. मिक्सरमधून काढलीय मेल्याने, पोटिस बांधावं तशी." आजींनी कुंकवात बोट बुडवलं. "घर तिचं, उखळ तिचं, म्हणजे यजमानीण तीच. यजमानणीला कुंकू न लावता खायचं कसं? शास्त्र आहे." आणि त्यांनी त्या जंगलातल्या म्हातारीच्या लांब नाकाच्या वर ठळक कुंकू लावलं. असं शास्त्र कुठेही नाही. मी पुढे शोधलं. पण आजींच्या घराण्यात शास्त्र सांगायची परंपरा होती, आणि परंपरा असली की पोथी लागत नाही.

मग करंडा तसाच हातात धरून त्या आत्याकडे वळल्या. आई एक पाऊल पुढे आली.

आत्याने मान हलवली. "मला कुंकू नको, आजी. इतकी वर्षं सवय नाही, कपाळाला खाज सुटेल."

"मग?"

"ओटी भरा. हरभरे आवडतात मला."

हळदीकुंकवात कुंकवापेक्षा ओटी मोठी, हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. आजींनाही. त्यांनी क्षणभर तोंडातल्या तोंडात काही चघळलं, मग सुनेला म्हणाल्या, "बघतेस काय? हरभरे दे इकडे." आत्याने पदर पुढे केला. भिजवलेले हरभरे, एक काकडी, खरबुजाची फोड. आजींनी ते पदरात टाकलं आणि धप्पकन तिच्याशेजारी बसल्या. "वाढ आता. गुडघे दुखायला लागले."

त्यानंतर जिना रिकामा राहिला नाही. मोठ्या घरी आचाऱ्याची डाळ चाखून निघालेल्या बायका आमच्याकडे येत होत्या, पाध्ये आजींना बसलेलं पाहत होत्या आणि बसत होत्या. काही आत्याकडे न बघता डाळ घ्यायच्या. काही उशिराने तिच्याकडे बघायच्या. ताटांना हळदकुंकू वाहायचा प्रघात आजींनी पाडलाच होता, त्यामुळे संध्याकाळपर्यंत बेडकी ओळखू येईनाशी झाली. मी गोष्टी सांगून सांगून घसा बसवून घेतला. दर खेपेला त्या थोड्या बदलत होत्या. गुप्ता भाभी उठायचं नाव घेईनात आणि मध्येच म्हणायच्या, "पहले तो तूने कहा था आम चुराता है."

दिवे लागायच्या सुमाराला थोरल्या काकू आल्या. बोलावणं आईने स्वतः जाऊन केलं होतं, तेव्हा न येणं त्यांच्या इतमामाला शोभलं नसतं. मोठी नथ, हातात चांदीची अत्तरदाणी, जी त्या स्वतःचीच आणत असत. त्यांनी आधी भिंत पाहिली. कॅलेंडर. मग आरास पाहिली. "विलायती?"

"रशियन," आई म्हणाली. "वन्संची आहेत."

काकूंनी पाटाकडे पाहिलं. "कमल, तू बाहेर बसलीस?"

मला वाटलं, आत्या आता उठेल. त्या घरात काकूसाहेब आल्या की ती उठत असे, हातातलं सोडून. तिचे गुडघे किंचित हललेही. मग ती तशीच राहिली आणि तिने द्रोण भरला.

"बसा ना, वहिनीसाहेब. उभ्याने डाळ खाऊ नये."

काकू बसल्या. दुसरं काय करणार होत्या? सबंध खोली बसलेली होती. त्यांनी डाळ खाल्ली आणि द्रोण संपल्यावर तो थोडा पुढे सरकवला. आत्याने न विचारता आणखी वाढली. आयुष्यात मी पुष्कळ समारंभ पाहिले, मानपत्रं, शाली, नारळ. त्यांतल्या एकालाही एवढं वजन नव्हतं.

बायका गेल्यावर आत्याने ओल्या फडक्याने एकेक ताट पुसलं. पक्षी, बेडकी, राजपुत्र, बर्फाची मुलगी. शेवटचं ताट तिने फक्त कडेने पुसलं आणि खोक्यात न घालता आपल्या खिडकीत उभं करून ठेवलं. ती ताटं आता माझ्या घरात भिंतीवर आहेत. माझी भाची मोबाइलवर बघून सांगते, की अशी पुष्कळ निघाली होती, दुर्मिळ वगैरे काही नाही, आणि एकावर तर डाग आहे. मी म्हणते, हो, आहे.

त्याच उन्हाळ्यात विनूकाका सुट्टीवर आला. बाजारात अजून कैऱ्या होत्या. तो हातपाय धुऊन बसला आणि त्याची नजर खिडकीकडे गेली. "अक्का, हिच्या कपाळाला काय आहे?"

"कुंकू. पाध्ये आजींनी लावलं."

विनूकाका इतका हसला, की त्याला ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाला, "अगं, ही कोण आहे माहितेय का तुम्हाला? तिकडे पोरांना भीती घालतात हिची. चेटकीण आहे. त्या उखळात बसून उडते."

"उखळात बसून?" आत्याचा हात थांबला. हे तिला मनापासून आवडलेलं दिसलं. "आणि मुसळ?"

"मुसळाने वल्हवते. पण ते सोड. माणसं खाते ती. वाट चुकून दारात आलेली माणसं पकडते आणि खाते."

आत्याने म्हातारीकडे पाहिलं, मग विनूकाकाच्या ताटात डाळ वाढली.

"स्वतःच्या घरात बसून खाते ना?" ती म्हणाली. "मग खाऊ दे."